आठ वाजून सात मिनिटांचा चंद्र

हल्ली गिरिधर सातोनकर जिना उतरताना मान खाली घालून उतरतात. पहिल्या मजल्यावर सोमेश्वरच्या आई दारात बसलेल्या असल्या तर दोन पायऱ्या एकदम उतरतात, आणि अण्णासाहेबांचा दरवाजा उघडा दिसला तर चपला हातात घेऊन. ज्या माणसाने आभाळ बघायला म्हणून दुर्बीण घेतली, त्याच्यावर फरश्या मोजत जायची वेळ यावी, यात दुर्बिणीचा दोष किती आणि सातोनकरांचा किती, हे वाचणाऱ्यानेच ठरवावं. आम्ही फक्त झालं ते सांगतो.

सातोनकर जालन्यात एका बियाणे कंपनीच्या गुणवत्ता विभागात आहेत. कपाशीचं, सोयाबीनचं बी पिशव्यांत भरून बाजारात जायच्या आधी त्यातलं थोडं बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं, किती उगवलं ते मोजायचं आणि मगच कागदावर सही करायची, हे काम ते सव्वीस वर्षं करत आलेत. वरचे साहेब घाई करोत, ट्रक दारात उभा राहो, मोजल्याशिवाय सही नाही. याचा त्यांना अतोनात अभिमान. भाजीवाल्याने मेथी ताजी असल्याची शपथ घेतली तरी ते म्हणायचे, "शपथ राहू दे, नमुना दाखव."

पावणेदोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि आठ दिवस पालथं झोपायला सांगितलं. त्या आठ दिवसांत सातोनकरांनी चादरीवरची फुलं आणि फरशीवरच्या मुंग्या सोडून दुसरं काही पाहिलं नाही. नजर परत आली तर आधी पोटभर आभाळ बघायचं, असं त्यांनी तिथे ठरवलं. दवाखान्याच्या बाकावर बसून त्याच दिवसांत त्यांच्या बायकोने, म्हणजे ताराने, त्या डोळ्यासाठी एकवीस संकष्ट्या बोलल्या. नजर आली. तारा दर महिन्याला दोन कप चहावर दिवस काढून चंद्राची वाट बघायला लागली, आणि सातोनकर दुर्बीण कुठली घ्यावी याच्या मागे लागले.

समोरच्या दारातले राजानंद सर बदनापूरच्या शाळेत विज्ञान शिकवतात, रोज रेल्वेने जातात-येतात. खरं तर त्यांनी पहिल्याच दिवशी जिन्यात उभं राहून सगळं सांगून टाकलं होतं. "साहेब, पहिली दुर्बीण दोन डोळ्यांची घ्या, गळ्यात अडकवायची. सहा महिने नुसतं आभाळ वळखायला शिका. मंग मोठी घ्या, अन् मोठी घेताना किती पट दिसतं ते बघू नका, आरसा किती रुंद आहे ते बघा." सल्ला फुकट होता आणि लहान होता, त्यामुळे सातोनकरांना तो पटला नाही. गळ्यात अडकवायची दुर्बीण म्हणजे सहलीला आलेल्या माणसाची. सव्वीस वर्षं सह्या केलेल्या माणसाने ती घालून गॅलरीत उभं राहायचं म्हणजे काय?

त्यापेक्षा चष्म्याच्या दुकानातले राधेश्यामजी जाणते वाटले. काउंटरवरची काच फडक्याने पुसत ते म्हणाले, "साहेब, छोटी चीज घेऊच नका. एकदाच घ्या, बडी घ्या. घरात पाव्हणे आले तर कोपऱ्यात दिसली पायजे ना!" हा मुद्दा सातोनकरांच्या थेट काळजाला भिडला. कार्यालयातल्या साहेबरावांनी शनीकडे बघायचं नाही, एवढी एकच अट घातली. पुण्याहून मुलीने, यशश्रीने, फोनवर अठरा व्हिडिओ पाठवले. त्यातल्या नऊ जणांनी भिंगाची घ्या म्हणून सांगितलं होतं, नऊ जणांनी आरशाची. सातोनकरांनी अठराही बघितले, टिपणं काढली, आणि शेवटी ज्या खोक्यावर '५२५ पट' असं सर्वांत मोठ्या आकड्यात छापलं होतं ते मागवलं. खोक्यावर जांभळ्या रंगाच्या आकाशगंगेचं चित्र होतं. आत तसलं काही नव्हतं, पण हे त्यांना फार उशिरा कळलं.

दुर्बीण आली, आणि तिचे तीन पाय तीन दिशांना डगमगत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभे राहिले. गॅलरीतून दोन इमारतींच्या मधली आभाळाची एक चिंधी तेवढी दिसायची. त्या चिंधीत एके रात्री एक ठळक तारा आला. दुर्बिणीतून तो बारीक टिपका दिसला. पाचशे पंचवीस पटीची दुर्बीण घेऊन टिपका बघायचा? सातोनकरांनी बाजूचं चाक फिरवलं. टिपका फुगत फुगत चांगला गरगरीत झाला, मधोमध काळं भोक आणि भोवती उजळ कडं. "शनी!" सातोनकर ओरडले, "कड्यासकट!" तारा पोळ्या टाकून धावत आली, बघितलं, आणि "वडा दिसून राह्यला" म्हणून परत गेली. दुसऱ्या दिवशी राजानंद सरांनी हळूच सांगितलं, "साहेब, तारा बारीक टिपका दिसला म्हणजे दुर्बीण बराबर लागली. मोठा गोळा दिसला की चाक चुकलं समजा." सातोनकर यावर हसले. मास्तर लोकांना दुसऱ्याचं मोठं दिसलेलं बघवत नाही, असं त्यांनी रात्री ताराला समजावून सांगितलं.

आता गच्ची पाहिजे होती. वरदलक्ष्मी अपार्टमेंटच्या गच्चीची किल्ली अण्णासाहेबांकडे असते. अण्णासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. "अर्ज द्या," ते म्हणाले. सातोनकरांनी अर्ज दिला. त्यात दुर्बिणीचं वजन नाही म्हणून तो परत आला. वजन लिहिलं, तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला धोका नसल्याचं हमीपत्र लागलं. तेही दिलं, तर आता विषय बैठकीसमोर ठेवावा लागेल म्हणाले, आणि बैठकीला गणसंख्या होईना. तिसऱ्या रविवारी चहा-पोह्यांचं आमिष दाखवून गणसंख्या जमवली. पोहे अर्थातच सातोनकरांकडचे.

बैठकीत सोमेश्वरच्या आईंनी तोंड उघडलं आणि सगळं फिरलं. "दर चतुर्थीला चंद्र दिसला का म्हून तीन जिने चढावं लागतंय. एकाचं क्यालेंडर एक सांगतं, दुसऱ्याचं दुसरं. गिरिधरभाऊ वर बसणारच आहेत तर त्यान्लाच सांगू द्या की." टाळ्या पडल्या. ठराव झाला: 'अर्जदारास गच्चीवर दुर्बीण लावण्यास परवानगी देण्यात येत आहे. मात्र दर संकष्टीस चंद्रोदय झाल्याचे अर्जदाराने प्रत्यक्ष पाहून ग्रुपवर कळवावे.' सातोनकरांनी खाली सही केली. चंद्राची उगवण तपासून दाखला द्यायचं काम आपल्याकडे आलं, या कल्पनेने त्यांना रात्री झोप लागली नाही.

तयारी म्हणून त्यांनी राजानंद सरांना गाठलं. सर म्हणाले, "क्यालेंडरातली येळ मुंबईची असती. जालना मुंबईच्या पूर्वेला, म्हणून आपल्याकडं चंद्र बारा-एक मिनिटं आधी उगवतो." सातोनकरांनी हे ग्रुपवर टाकलं आणि एकच खळबळ उडाली. धरणाचं पाणी नाही, रस्त्यांचा निधी नाही, मराठवाड्याच्या वाट्याला कायम अनुशेष. आज पहिल्यांदा काहीतरी मुंबईच्या आधी मिळत होतं, आणि तेही कुठल्या मंत्र्याच्या पाया न पडता. सातोनकरांना चार ठिकाणी चहा झाला.

पुढची संकष्टी मंगळवारी आली, म्हणजे अंगारकी. राजानंद सरांचं घर सोडलं तर इमारतीत उपास नाही असं दार नव्हतं. ताराची ती एकविसावी. सकाळी देवापुढे दिवा लावताना ती म्हणाली, "आज बोललेलं पुरं होतंय. नीट पार पडू द्या म्हंजे झालं." डोळा सातोनकरांचाच असल्यामुळे ते गंभीरपणे हो म्हणाले.

ते साडेसातलाच गच्चीवर गेले. कॅलेंडरात चंद्रोदय आठ एकोणपन्नासचा. कापसाचा हंगाम, थंडी, आणि पूर्वेला सगळं धुरकट. कडुलिंबाच्या दोन झाडांमधली एक फट तेवढी क्षितिजापर्यंत मोकळी होती. पावणेआठपासून एकेक जण वर यायला लागला. सोमेश्वरच्या आईंना साखरेचा त्रास, तरी उपास सोडत नाहीत. त्यांना खुर्चीसकट वर आणलं. "बघा बरं बाप्पा जल्दी," त्या म्हणाल्या, "डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली."

माणसं वाढत गेली आणि सातोनकरांची मान ताठ होत गेली. आठ वाजून पाच मिनिटांनी त्या फटीत, अगदी खाली, पिवळसर उजेड आला. त्यांनी दुर्बीण वळवली. आत बारीक, तेजस्वी टिपका दिसला. त्यांनी चाक फिरवलं. टिपका फुगला, ताटलीएवढा झाला, पिवळाधमक, आणि मधोमध चक्क काळसर डाग.

"आला!" सातोनकर म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

अण्णासाहेबांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. "आठ सात. क्यालेंडरात तर आठ एकोणपन्नास आहे."

"ते मुंबईचं."

"तुम्ही बारा मिनिटं म्हणलं होतं. ही तर बेचाळीस होतात."

"अण्णासाहेब," सातोनकर शांतपणे म्हणाले, "बारा मिनिटं हा अंदाज. हा प्रत्यक्ष नमुना. या, बघा."

अण्णासाहेबांनी बघितलं. सोमेश्वरने बघितलं. मग रांग लागली. "डागसुद्धा दिसतो की!" "गणपतीनं शाप दिला तो डाग हाच का?" आणि नवल म्हणजे दुर्बीण आज शहाण्यासारखी वागत होती. एरवी कुठलाही तारा अर्ध्या-पाऊण मिनिटात काचेतून निसटून जायचा, आणि सातोनकरांना त्याच्यामागे पायांसकट दुर्बीण सरकवावी लागायची. आज बावीस जणांनी बघितलं तरी चंद्र जागचा हलला नाही. सातोनकरांनी हा अंगारकीचा प्रभाव मानला.

तारा अर्घ्याची ताटली घेऊन शेवटी आली. डोळा लावून बराच वेळ उभी राहिली. "आज चतुर्थी ना?" ती म्हणाली. "मंग एवढा गोल कसा?"

"दुर्बिणीतून तसाच दिसतो."

"असंल," ती म्हणाली. "खाली कुकर लावल्ता मी," आणि ताटली घेऊन तशीच उतरली. सातोनकरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते ग्रुपवर लिहीत होते: 'चंद्रोदय झाला. वेळ ८.०७. प्रत्यक्ष पाहून खात्री केली आहे. – गि. सातोनकर.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मजल्यामजल्यावर आरत्या सुरू झाल्या, तळणीच्या मोदकांचा वास जिन्यात भरला, आणि खाली उतरताना दोन दारांतून "सातोनकर साहेब होते म्हून" असं स्पष्ट ऐकू आलं. आयुष्यात इतकं सुख त्यांना बढतीच्या दिवशीही झालं नव्हतं.

घरी ताराने त्यांना भाकरी आणि मेथी वाढली. गोळीची वेळ झालीय, तुम्ही बसून घ्या, म्हणाली. मोदकांचा डबा बंदच होता. "गरम आहेत अजून," ती म्हणाली. त्यांना तेही खरं वाटलं.

दुसरी भाकरी मोडत असताना दार वाजलं. राजानंद सर. खांद्याला डबा-पिशवी, हातात मोबाइल. ते आत आले नाहीत, उंबऱ्याशीच हळू आवाजात बोलले. "साहेब, गाडी लेट झाली, आत्ताच आलो. तुमचा मेसेज वाचला. चंद्र कुठं पाह्यला तुम्ही?"

"कुठं म्हणजे? लिंबाच्या फटीत. पूर्वेला."

सरांनी मोबाइल खिशात ठेवला. "तिकडं कापसातली सरकी काढायचं नवीन जिनिंग झालंय. उंच खांबावर त्यान्नी आजच दिवा लावला. मी त्याच्याखालूनच आलो आत्ता."

"पण डाग होता!" सातोनकर म्हणाले. "मधोमध!"

"दुर्बिणीच्या आतल्या लहान आरशाची सावली असती ती. चाक चुकलं की दिसती." मग अगदी चोरी पकडल्यासारखं नाही, नुसतं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "किती जणांनी पाह्यलं?"

"बावीस."

"तेवढ्यात दुर्बीण किती येळा सरकवावी लागली?"

"एकदाही नाही."

"चंद्र एका जागी थांबत न्हाई, साहेब," सर म्हणाले, आणि जिन्यात आवाज जाऊ नये म्हणून स्वतःच दार ओढून घेऊन गेले. ते मोठ्याने हसले असते तर बरं झालं असतं. त्या ओढून घेतलेल्या दाराने सातोनकरांना पार खाली आणलं.

बावीस माणसांचं त्यांनी नंतर बघून घेतलं असतं. पण एकविसावी संकष्टी! वीस महिने जिने चढून, दोन कप चहावर राहून तिने तो उपास ओढत आणला, आणि शेवटच्या दिवशी त्यांनी तो जिनिंगच्या दिव्यावर सोडवला. त्यांना भयंकर लाज वाटली. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"तारा," ते म्हणाले, "एक गडबड झाली."

तारा ओट्याशी पाटावर बसली होती. समोर अर्घ्याची ताटली तशीच भरलेली, मोदकांचा डबा तसाच बंद.

"तू जेवली नाहीस?"

"न्हाई."

"का?"

"अहो, ज्या डोळ्यासाठी उपास धरला," तारा म्हणाली, "त्याच डोळ्याच्या भरवशावर कसा सोडू?"

सातोनकरांना एकदम हायसं वाटलं आणि त्याच क्षणी कुणीतरी चारचौघांत कानाखाली वाजवावी तसंही वाटलं. अख्ख्या इमारतीने त्यांचा शब्द मानला होता. घरातल्या एका माणसाने मानला नाही, म्हणून ते वाचले होते.

"ग्रुपवर लिहा आता," ती म्हणाली.

त्यांनी लिहिलं, 'तांत्रिक अडचणीमुळे...' ताराने खांद्यावरून बघितलं. "पुरं लिहा." त्यांनी ते पुसलं. 'दुर्बिणीतील दोषामुळे...' तेही पुसलं. शेवटी लिहिलं: 'आठ वाजून सात मिनिटांचा नमुना नापास. तो जिनिंगचा दिवा होता. चूक माझी एकट्याची. क्षमा करावी. – गिरिधर.' सव्वीस वर्षांत त्यांनी दिलेला दाखला पहिल्यांदाच मागे घेतला होता. या वेळी हात जोडलेलं एकही चित्र आलं नाही.

मग तारा ताटली घेऊन पुढे आणि सातोनकर मागे असे जिन्याने वर निघाले. मजल्यामजल्यावर दारं उघडायला लागली. जो तो हातातलं तसंच टाकून मागोमाग चढायला लागला. बोलल्या त्या फक्त सोमेश्वरच्या आई, त्यांना परत खुर्चीसकट वर आणलं तेव्हा. "काही वाईट वाटून घिऊ नका, गिरिधरभाऊ," त्या मनापासून म्हणाल्या, "मला तर चक्करच येऊन राह्यली होती. पुढच्या चतुर्थीला पण जरा जल्दीच उगवा." सातोनकरांना गच्चीच्या फरशीत शिरावंसं वाटलं.

लिंबाच्या शेंड्यावर खरा चंद्र आला होता. तांबूस, धुरकट, वरच्या अंगाने थोडा झिजलेला. खाली फटीत जिनिंगचा दिवा आपल्या जागेवर इमानदारीत जळत होता.

सातोनकर सवयीने दुर्बिणीकडे वळले. "तिला हात लावू नका," तारा म्हणाली. "डावा डोळा झाका."

त्यांनी डावा डोळा हाताने झाकला.

"काय दिसतं?"

ओल्या कागदावरचं बी मोजताना लावायचे तितकाच वेळ त्यांनी लावला. "चंद्र आहे," ते म्हणाले. "चतुर्थीचा. वरून जरासा कमी." शेवटच्या शब्दाबरोबर त्या डोळ्याला पाणी आलं. तारा त्यांच्याकडे बघत राहिली. ती वीस महिने ह्याच उत्तराची वाट बघत असावी, हे त्यांना तेव्हा उमगलं, आणि पाचशे पंचवीस पटींचा तो अख्खा उद्योग आठवून त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागे सगळी इमारत उभी होती. चंद्र समोर असून कुणी हात जोडेना. अखेर अण्णासाहेब घसा साफ करत म्हणाले, "सातोनकर, हा तरी खरा ना?"

सही करायचा आता सातोनकरांना धीर नव्हता. त्यांनी ताराकडे बोट दाखवलं.

ताराने पळीने अर्घ्य सोडलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खरा आहे. यांनीच पाह्यला."

तेव्हा कुठे सगळ्यांनी हात जोडले. सातोनकरांनीही जोडले, पण वर मात्र त्यांना बघवेना.